तिसऱ्या पिनेचा इतिहास

मालेगावात अम्मीच्या स्वयंपाकघरात फ्रिजसमोर एक लाकडी पाट कायम पडलेला असे. पाहुण्यांना वाटायचं, कुणीतरी बसायला घेतला आणि उचलून ठेवायला विसरलं. पण तो उभं राहण्यासाठी होता. फ्रिज उघडायचा तर आधी पाटावर चढायचं, मग हँडलला हात लावायचा. ओल्या फरशीवरून तसाच हात लावला तर बोटांत झिणझिण्या यायच्या. आम्हा बहिणींना शाळेत जाण्याआधीच हा धडा मिळाला होता : “चप्पल पहन के हाथ लगा.” पुढे शिक्षण झालं, बीएड झालं, नोकरी लागली, लग्न झालं. माझ्या मुलीला मीही तेच सांगू लागले.

गेल्या पावसाळ्यात आमच्या फ्लॅटमध्ये इंडक्शन शेगडीचा प्लग जळाला. वायरमन आला, त्याने बोर्ड उघडला, टेस्टर लावला आणि म्हणाला, “मॅडम, इसमें अर्थ नहीं है.”

उर्दू माध्यमाच्या मुलांना मी मराठी शिकवते. ‘अर्थ’ म्हणजे ‘मानी’, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याची मोजदाद नाही. त्यामुळे मला आधी हसूच आलं. त्याने बोर्ड पुढे ओढून दाखवला. समोरून तीन भोकांचं सॉकेट, मागे मात्र दोनच वायरी. वरच्या मोठ्या भोकाचा स्क्रू कोरा होता, त्याला कधी वायर लागलीच नव्हती. फ्लॅट घेतला तेव्हापासून आम्ही त्या भोकात पिन खुपसत होतो, आणि त्याच्यामागे काहीच नव्हतं.

त्या रात्री मला खाला आठवली.

१९९१ च्या रमजानची गोष्ट. मी तेव्हा दहा वर्षांची होते. खालाच्या घरी केरोसिनचा स्टोव्ह होता, पण रॉकेल संपलं की कॉइलची शेगडी लागायची. चिनी मातीच्या थाळीत नागमोडी खाच, त्यात तारेची स्प्रिंग, खाली पत्र्याचं स्टँड. वायरीला प्लग नव्हता. दोन उघडी टोकं सॉकेटमध्ये घालायची आणि काडेपेटीच्या काड्या खुपसून घट्ट करायची. माझ्या वयाच्या कुणाला हे नवीन वाटणार नाही. सहेरीची वेळ होती. खाला शहाबादी फरशीवर बसून ॲल्युमिनियमच्या पातेल्यात काहीतरी गरम करत होती. जुनी झालेली कॉइल खाचेतून वर आली असावी आणि पातेल्याला टेकली असावी. खालाने ओल्या हाताने पातेलं धरलं आणि तिला ते सोडता आलं नाही. फ्यूज उडाला नाही. घरातला दिवा जळतच होता.

मोठ्यांनी अल्लाहची मर्जी म्हटलं, सबर केला. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवणही त्याच मोठ्यांना तोंडपाठ होती. पण इथे बांधायचं नेमकं काय, हे कुणाला माहीत नव्हतं. शेगडी फेकून दिली गेली. भिंतीतल्या वायरी तशाच राहिल्या.

मी इतिहासाची शिक्षिका नाही. पण त्या कोऱ्या स्क्रूने मला पुस्तकांकडे नेलं. त्यातून जे समजलं ते खालासाठी आणि अम्मीच्या त्या पाटासाठी लिहिते आहे.

आपल्याकडे वीज आली ती उजेड म्हणून. १८८२ मध्ये मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. ते चालवणारी कंपनी फार टिकली नाही. १९०५ मध्ये वीज आणि ट्राम या दोन्हींसाठी नवी कंपनी उभी राहिली आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. १९१५ मध्ये खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि घाटावरच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. घरांत मात्र वीज म्हणजे दिवा आणि फार तर पंखा. आजही आपण ‘लाईट गेली’ म्हणतो, ‘वीज गेली’ क्वचितच. भाषेने तो काळ जपून ठेवला आहे.

दिव्याला दोन तारा पुरतात. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. दिवा छताला टांगलेला असतो, त्याला हात लावायची वेळ क्वचित येते. म्हणून जुन्या घरांतलं वायरिंग दोन तारांचंच होतं : आधी लाकडी पट्टीच्या खाचेतून, मग सागवानी बॅटनवर पत्र्याच्या क्लिपा ठोकून. ते दिव्यांसाठीचं वायरिंग होतं आणि त्या कामाला ठीकच होतं.

मग विजेने अन्न शिजवायची कल्पना आली. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात विजेवर चालणारं नमुन्याचं स्वयंपाकघर मांडलं होतं. पण लाल होऊनही न जळणारी स्वस्त तार मिळत नव्हती. १९०६ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट मार्श याला निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं आणि तो प्रश्न सुटला. खालाच्या शेगडीतली स्प्रिंग, आपली इस्त्री, गिझर, टोस्टर ही सगळी त्याच तारेची लेकरं.

उपकरणं आली, पण घरात तारा दिव्याच्याच होत्या. इंग्लंडमध्ये लोक बल्ब काढून त्याच होल्डरमधून इस्त्री चालवत. आपल्याकडेही होल्डरमधून कनेक्शन घ्यायची सवय बरीच वर्षं टिकली. पुढे दिवे-पंख्यांसाठी वेगळा दर आणि मोठ्या उपकरणांसाठी वेगळा, अशी पद्धत अनेक ठिकाणी आली. ‘लाईटचा प्लग’ आणि ‘पॉवरचा प्लग’ हे आपल्या तोंडातले शब्द तिथलेच. छोटा ५ अँपिअरचा, मोठा १५ चा.

या दोन गोल पिनांच्या घराण्याचं ब्रिटिश मानक १९३४ चं. तीन पिना, तिसरी जाड आणि थोडी लांब. ही लांबी शोभेसाठी नाही. प्लग आत जाताना ती सगळ्यात आधी टेकते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. वीज यायच्या आधी पहारेकरी हजर आणि वीज गेल्यावरच त्याला सुट्टी, असा तो हिशेब.

हा पहारेकरी करतो काय? उपकरणाच्या आत वीज वाहणारी तार सुटली आणि धातूच्या अंगाला टेकली, तर ते सगळं अंग ‘जिवंत’ होतं. बाहेरून काही दिसत नाही. तिसऱ्या पिनेतून निघालेली हिरवी तार त्या अंगाला जमिनीशी बांधून ठेवते. ही वाट सोपी असल्यामुळे वीज त्या तारेतून एकदम मोठ्या प्रमाणात धावते, फ्यूज उडतो आणि उपकरण मुकं होतं. बाई हात लावायच्या आधीच सगळं उरकलेलं असतं.

ती तार नसेल तर? मग वीज वाट बघत बसते. ओल्या हाताचा, ओल्या पायाचा माणूस मध्ये आला की तीच वाट होते. अशा शरीराचा विरोध साधारण हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला पाव अँपिअरपेक्षाही कमी वीज वाहते. हृदयाची लय बिघडवायला तेवढी पुरेशी आहे. पण ५ अँपिअरच्या फ्यूजला ती जाणवतसुद्धा नाही. छोटा बल्ब लागला असेल, असंच तो समजतो.

हे वाचलं तेव्हा तेहतीस वर्षांपूर्वीचा तो जळत राहिलेला दिवा मला कळला. फ्यूज बिघडलेला नव्हता. तो वायरीला जळण्यापासून वाचवण्यासाठी असतो. खालाला वाचवणं हे त्याचं कामच नव्हतं.

हे काम कुणाचं, हा प्रश्न ज्यांनी लावून धरला त्यांत एक नाव कॅरोलिन हॅस्लेट यांचं. १८९५ चा जन्म. १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये स्त्रियांसाठी विजेची एक संघटना स्थापन झाली आणि त्या तिच्या संचालक झाल्या. वीज वापरायची तर बाईला ती समजलीही पाहिजे, हा त्यांचा आग्रह. १९३४ मध्ये, म्हणजे गोल पिनांचं मानक आलं त्याच वर्षी, त्यांनी संपादित केलेलं स्त्रियांसाठीचं विजेचं हातपुस्तक निघालं. १९४२ मध्ये, युद्ध चालू असतानाच, युद्धानंतरच्या घरांत वायरिंग कसं असावं हे ठरवायला तिथे समिती नेमली गेली. वीस सभासद, त्यांत हॅस्लेट एकट्या स्त्री. तांब्याचा तुटवडा होता, त्यामुळे कमी तांब्यात जास्त सॉकेट कशी बसतील ही चिंता होती. त्याचबरोबर लहान मुलाने भोकात काही खुपसलं तरी इजा होऊ नये, ही अटही आली. १९४७ च्या ब्रिटिश मानकात चौकोनी पिनांचा प्लग ठरला. त्याच्या सॉकेटमध्ये वीज वाहणाऱ्या दोन भोकांवर झडप असते आणि लांब अर्थ पिन आत गेल्यावरच ती उघडते. म्हणजे तिसरी पिन नसेल तर दार उघडतच नाही. शिवाय प्रत्येक प्लगच्या पोटात त्याचा स्वतःचा फ्यूज.

१९४७ हे साल आपण विसरू शकत नाही. इंग्रजांनी जुना प्लग सोडला आणि हिंदुस्थान सोडला, दोन्ही एकाच वर्षी. आपल्याकडे १९३४ च्या गोल पिना राहिल्या. पुढे आपलं स्वतःचं मानक झालं, ५ चे ६ अँपिअर झाले आणि १५ चे १६, पण घराणं तेच. गोल पिनेत वाईट काही नाही. अर्थ पिन तिलाही आहेच. फरक एवढाच की आपल्या साध्या सॉकेटमध्ये दोन पिनांचा प्लगही शिरतो, उघडी वायरही शिरते आणि काडेपेटीची काडीही.

कायद्याने मात्र आपल्याला वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत दोन गोष्टी होत्या. वीज पुरवणाऱ्याने ग्राहकाच्या जागेत, वीज जिथून आत येते तिथे, अर्थचं टोक उपलब्ध करून द्यायचं. आणि घरातलं वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं, त्याच वर्षी राज्याचं वीज मंडळ झालं आणि गावोगाव तारा पोहोचल्या. मीटरपर्यंत वीज आली. मीटरच्या पुढचं घर ज्याचं त्याने करायचं होतं. खोली वाढली, भाऊ वेगळे झाले, माडी चढली, प्रत्येक वेळी जुन्या बोर्डावरून दोन तारा पुढे ओढल्या गेल्या. आमच्यासारख्या यंत्रमागाच्या गावात तर पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत चूल. मागाची मोटर बंद पडली तर रोजी बुडते, म्हणून तिच्या वायरीची काळजी घेतली जायची. स्वयंपाकघराला उरलेली वायर.

स्वयंपाकघर मात्र त्याच काळात बदलत होतं. मुंबईत माथुर नावाच्या अभियंत्याच्या घरी परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे हरला, तेव्हा त्यांनी पत्नी माधुरी यांच्यासाठी दणकट मोटरचा मिक्सर घडवायचं मनावर घेतलं. त्यातून ‘सुमीत’ मिक्सर आला. पाटा-वरवंटा कोपऱ्यात गेला. मग फ्रिज, ओव्हन, गिझर. बाईचे कष्ट कमी झाले यात शंका नाही. पण यंत्रं आली दारातून आणि त्यांची वीज आली दिव्याच्या वायरीतून.

तिकडे जगात पहारेकऱ्याची पुढची पिढी तयार होत होती. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत विजेचे अपघात फार होत. तिथल्या आंरी रुबिन या अभियंत्याने १९५५-५६ मध्ये असं यंत्र बनवलं, जे जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या विजेचा हिशेब ठेवतं. आपला दुकानदार रात्री गल्ला मोजतो तसं. हिशेब जुळला नाही, म्हणजे काही वीज भलत्याच वाटेने, कदाचित माणसातून, जमिनीत जाते आहे; की लगेच पुरवठा तोडायचा. स्टिल्फाँटेन या खाणीच्या वसाहतीत एक बाई विजेच्या धक्क्याने गेली. त्यानंतर १९५७-५८ मध्ये तिथल्या काही शे घरांत ही यंत्रं बसवली गेली. २० मिलिअँपिअरचा फरकही ती ओळखत.

अमेरिकेत चार्ल्स डाल्झिएल या प्राध्यापकांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून किती विजेला माणसाची मूठ सुटत नाही हे मोजलं. पुरुषांची सरासरी निघाली १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. म्हणजे ज्या धक्क्याला नवरा हात झटकून शिवी देईल, त्याच धक्क्याला बायको चिकटून राहू शकते. “एवढं काही नाही, जरासा करंट आहे,” असं घरातला पुरुष सांगतो तेव्हा हा आकडा आठवावा. डाल्झिएल यांनी घरगुती वापराचं संरक्षक यंत्र बनवलं, त्याचं पेटंट १९६५ चं. तरीही अमेरिकेच्या वायरिंग नियमांत ते आधी अंगणातल्या, न्हाणीघरातल्या, गॅरेजमधल्या सॉकेटना लागू झालं. स्वयंपाकघराच्या ओट्याची पाळी १९८७ मध्ये आली. मोटारीच्या नंतर.

आपल्याकडे हे यंत्र ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणून मिळतं, आणि २०१० च्या केंद्रीय सुरक्षा नियमांत ठरावीक भाराच्या पुढच्या जोडण्यांसाठी ते सांगितलेलं होतं. तरी आपल्या देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं विजेच्या धक्क्याने मरतात. सगळी स्वयंपाकघरात मरत नाहीत, शेतात आणि रस्त्यावरही मरतात. पण त्यांतला प्रत्येक जण कुणाच्या तरी घरचा असतो.

आता आमच्या वायरमनकडे परत येते. त्याने मला प्लग का जळाला तेही समजावलं. शेगडी २००० वॅटची. २३० ने भागलं तर पावणेनऊ अँपिअर. कंपनीने मोठा, १६ अँपिअरचा प्लग दिला होता. ओट्यावर सॉकेट छोटं, म्हणून मीच बाजारातून मोठ्याचा छोटा करणारा कन्व्हर्टर आणला होता. सहा अँपिअरच्या दारातून नऊ अँपिअर जात होते, आणि त्याच बोर्डावर मिक्सर आणि विजेची किटलीही. वीज दुप्पट झाली की वायरीतली उष्णता चौपट होते, हा ज्यूलचा नियम मी दहावीत पाठ केला होता. परीक्षेत त्याचे गुणही मिळाले होते.

आम्ही जे करून घेतलं ते थोडक्यात सांगते, कारण वाचून कुणाला उपयोग होईल. ओट्यासाठी मेन बोर्डापासून वेगळी लाइन ओढली : शेगडीसाठी १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट, तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर, तिला तिची एमसीबी. मिक्सर-फ्रिजसाठी अडीचची वायर वेगळी. सगळीकडे हिरवी तार, आणि ती खरोखर जमिनीपर्यंत. त्यासाठी इमारतीखालचा अर्थिंगचा खड्डा शोधावा लागला. कोळसा आणि मीठ भरून त्यात प्लेट पुरलेली असते. आमचा खड्डा पार्किंगच्या फरशीखाली गाडला गेला होता. सोसायटीच्या बैठकीत यावर दोन तास वाद झाला. गेटच्या रंगाला पैसे होते, खड्ड्याला नव्हते. अखेर वर्गणी निघाली. उन्हाळ्यात माती सुकली की खड्डा कमकुवत होतो, म्हणून त्यात पाणी घालावं लागतं. तरीही अर्थिंगवर एकट्यावर भिस्त नको, म्हणून मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवलं. त्याच्यावर ‘टेस्ट’ असं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. खटकन वीज गेली तर पहारेकरी जागा आहे.

आणि हे काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. यूट्यूब बघून स्वतः करू नका.

अम्मीच्या घरीही आता वायरिंग बदललं. जुनी वायर भिंतीतून ओढली तेव्हा तिचं आवरण बोटांत पापडासारखं मोडत होतं. काम संपल्यावर मी अम्मीला म्हटलं, “आता पाट उचला. अनवाणी हात लावून बघा.” ती पंचाहत्तरीची आहे. दोन मिनिटं फ्रिजकडे बघत उभी राहिली. मग पाटावर चढूनच तिने हँडलला हात लावला. काही झालं नाही. “पाट राहू दे,” म्हणाली, “तुझ्या वायरमनपेक्षा मी याला जास्त ओळखते.”

तिचं चूक नाही. चप्पल, पाट, कोरडा हात, हे आमच्या आई-आज्यांनी स्वतःच शोधलेलं शास्त्र होतं. त्यानेच त्यांना जगवलं. पण लंडनमध्ये समितीत बसलेली एक बाई १९४२ मध्ये जे मागत होती, ते त्यांच्यापर्यंत पोहोचवणं आपलं काम होतं, आणि ते आपण केलं नाही. फ्लॅट घेताना आपण टाइल्सचा रंग विचारतो, ओटा कडप्प्याचा की ग्रॅनाइटचा हे विचारतो. तिसऱ्या भोकामागे वायर आहे का, हे विचारत नाही.

रमजान जवळ आला आहे. पहाटे अर्ध्या झोपेत, ओल्या हातांनी, एकाच बोर्डावर तीन-तीन उपकरणं लावून बायका सहेरी करतील. त्याआधी घरातल्या कुणीतरी वायरमनला बोलवा, बोर्ड उघडायला सांगा आणि त्याला एवढंच विचारा : याला अर्थ आहे का?